पंधरा वर्षांच्या स्कूटरची तपासणी : माझा अनुभव

माझ्या 2008 सालच्या चार-स्ट्रोक स्कूटरची नोंदणी 2023 मध्ये संपत आली, तेव्हा फॉर्म 25 भरून मी ती मोटार वाहन निरीक्षकांसमोर उभी केली. रोज बिनतक्रार चालणारी गाडी नापास होईल असे वाटले नव्हते. पण मागचा ब्रेक दाबल्यावर ब्रेकलाइट लागत नव्हता, मागच्या टायरची नक्षी पुसट झाली होती आणि पुढचे चाक उचलून हँडल हलवल्यावर कोनसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या छऱ्यांच्या बेअरिंगचा, खटखट आवाज येत होता. दुचाकीच्या टायरची नक्षी किमान 0.8 मिलिमीटर खोल असावी लागते, त्यामुळे टायर बदलण्यावाचून पर्याय नव्हता.

ब्रेकलाइटसाठी मी आधी बल्ब बदलला, तो खर्च फुकट गेला. दोष लिव्हरजवळच्या स्विचमध्ये होता. त्याच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. बारीक पॉलिश पेपरने तो घासताच दिवा लागला. कोनसेट मात्र नुसता आवळून भागले नाही, कारण वाटीत छऱ्यांचे खड्डे पडल्याने हँडल सरळ रेषेत अडकू लागले. शेवटी पूर्ण संचच नवा बसवला.

पीयूसीचे प्रमाणपत्रही नव्याने घ्यायचे होते. तिथे कार्बन मोनॉक्साइड 3.5 टक्क्यांच्या मर्यादेपुढे गेला, तेव्हा कार्बोरेटर उघडायला निघालेल्या मेकॅनिकला थांबवून मी एअर फिल्टर पाहायला लावला. तो धुळीने पार चोंदला होता. फिल्टर बदलून इंजिन चांगले तापल्यावर घेतलेली मोजणी मर्यादेत आली, आणि दुसऱ्या खेपेस नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळाली.