सी मध्ये स्ट्रिंग कॉपी करताना या चुका टाळा

सी या प्रोग्रामिंग भाषेत स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, कॉपी करणारी स्ट्रकॉपी (strcpy) धोकादायक आहे, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. डेस्टिनेशनमध्ये जागा किती आहे हे ती विचारतच नाही. खरी काळजी वाटते ती त्यावर सर्रास सुचवल्या जाणाऱ्या उपायाची: "स्ट्रकॉपी काढ, स्ट्रएनकॉपी टाक."

समजा, शहराच्या नावासाठी ८ बाइटचा अ‍ॅरे घेतला आणि स्ट्रएनकॉपीला (strncpy) जास्तीत जास्त ८ बाइट कॉपी करण्याची मर्यादा दिली. रोमन लिपीतलं पुणे चार अक्षरांचं आणि नागपूर सहा, त्यामुळे टेस्टिंग सुरळीत पार पडतं. मग कोल्हापूर येतं. रोमनमध्ये त्याची बरोबर आठ अक्षरं होतात. आठही कॉपी होतात, पण स्ट्रिंग संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या नलला (शून्य बाइटला) जागाच उरत नाही आणि स्ट्रएनकॉपी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. नंतर ते नाव छापायला गेलात की प्रिंटएफ पुढच्या मेमरीतलं जे असेल ते नल सापडेपर्यंत वाचत सुटतं.

यात स्ट्रएनकॉपीचा दोष नाही. ती मुळात ठरावीक लांबीच्या फील्डसाठी बनवलेली आहे. जुन्या युनिक्सच्या डिरेक्टरीत फाइलच्या नावाला १४ बाइट असत; नाव छोटं असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची, पूर्ण १४ चं असेल तर नल नाही. आजही ती उरलेली जागा शून्यांनी भरते, म्हणजे मोठ्या बफरमध्ये (मजकूर ठेवायच्या जागेत) फुकटचं काम.

त्याऐवजी सी९९ पासून (सी च्या १९९९ च्या मानकापासून) असलेलं एसएनप्रिंटएफ (snprintf) वापरा. आकार शून्य नसेल तर शेवटी नल ठेवतंच. फॉरमॅट मात्र "%s" च्या धर्तीचा आपला स्वतःचा द्या. युझरकडून आलेली स्ट्रिंग थेट फॉरमॅटच्या जागी कधीही देऊ नका. आणि रिटर्न व्हॅल्यू तपासा: ती बफरच्या आकाराएवढी किंवा जास्त असेल तर मजकूर कापला गेलाय. ग्लिबसी या सी लायब्ररीच्या २.३८ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, लिनक्सवर स्ट्रएलकॉपीही मिळते आणि तिथेही हाच नियम.

आकार काढताना साइझऑफ (sizeof) जपून वापरा. अ‍ॅरे फंक्शनला पाठवला की आत पोचतो तो पॉइंटर (फक्त मेमरीतला पत्ता), आणि ६४ बिट मशीनवर साइझऑफ ८ सांगतं, बफर २५६ चा असला तरी. आकार वेगळा पॅरामीटर म्हणून पाठवा. मॅलॉकने मेमरी घेताना स्ट्रलेनने सांगितलेल्या लांबीत नलसाठी एक मिळवायला विसरू नका.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक अडचण. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा. कोल्हापूरला २७ बाइट आणि वर नल. १२ च्या बफरमध्ये ११ बाइट मावतात: क, ओकार, ल आणि हलन्ताच्या तीनपैकी दोन बाइट. स्क्रीनवर शेवटी प्रश्नचिन्ह दिसतं. म्हणून कापलेल्या जागेवरचा मूळ स्ट्रिंगमधला बाइट पाहा. त्याचे वरचे दोन बिट १० असतील तर तसा नसलेला बाइट मिळेपर्यंत मागे या आणि तिथे नल ठेवा. चिन्ह शाबूत राहतं, जोडाक्षर तुटलं तर तुटतं.

जीसीसी कंपायलरच्या ८ व्या आवृत्तीपासून स्ट्रएनकॉपीच्या अशा काही वापरांवर वॉर्निंग येते, पण लांबी कंपायल करताना कळत असेल तरच. टेस्टिंगला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारं साधन, लावाच. फक्त अ‍ॅरे स्ट्रक्टच्या (अनेक फील्डच्या गटाच्या) आत असेल तर शेजारच्या फील्डवर झालेलं अतिक्रमण त्यालाही सहसा दिसत नाही, तेव्हा तिथे सात, आठ आणि नऊ अक्षरांची नावं हाताने घालून बघा.