ऑलिव्हची पानं कॉस्टिक सोड्यात बुडवून बघा

न्यूझीलंडच्या वैरारापासारख्या थंड, दमट हवेत ऑलिव्हला पीकॉक स्पॉट ही बुरशी फार सतावते. पानावर मोरपिसाच्या डोळ्यासारखे गोल डाग पडतात, पान पिवळं होऊन गळतं आणि पुढच्या हंगामाचा मोहोर कमी होतो. डाग दिसेपर्यंत बुरशी पानात केव्हाच शिरलेली असते. सेंद्रिय शेतीत चालणारी तांब्याची फवारणी मुळात प्रतिबंधक आहे. आत शिरलेल्या बुरशीला ती मारत नाही, म्हणून वेळ साधणं महत्त्वाचं.

त्यासाठी ही चाचणी करा. बागेच्या वेगवेगळ्या भागांतून, विशेषतः खालच्या, सावलीतल्या फांद्यांवरून निरोगी दिसणारी पानं तोडा. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड, खाण्याचा सोडा नव्हे) विरघळवा. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. हातमोजे आणि डोळे झाकणारा सुरक्षा चष्मा हवाच. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं घ्या, ॲल्युमिनियमचं अजिबात नको. पानं अर्धा तास बुडवून ठेवा. लपलेला संसर्ग असेल तर काळे गोल डाग उमटतात.

डाग दिसले तर नवी पालवी फुटण्याआधी आणि शरद ऋतूतल्या (न्यूझीलंडात मार्च ते मे) पावसाआधी तांब्याची फवारणी करा; तांबं मातीत साठत राहतं, तेव्हा सेंद्रिय प्रमाणपत्रातली तांब्याची मर्यादा पाळा. पण माझा खरा भर छाटणीवर आहे. झाडाच्या मधल्या फांद्या काढून वारा खेळता ठेवला की पानं लवकर सुकतात, आणि ओल्या पानाशिवाय ही बुरशी रुजत नाही. नवी लागवड असेल तर लेचिनो हे वाण या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतं.