फळीचा झोपाळा झाला तेव्हा

इंदिरानगरला आमच्या गॅरेजमध्ये जुलैत पाणी शिरलं आणि जमिनीवरचे झाकणवाले डबे तरंगायला लागले. म्हटलं, मांडणी आपणच करू. सुतार काय, आज येतो म्हणतो आणि दसऱ्याला उगवतो.

पहिला घोळ मापात. डबे तळाशी मोजले. ते वर रुंद होत जातात, शिवाय झाकणाची कड बाहेर. तीन बसतील म्हणता दोनच बसले. दुसरा घोळ १२ मिमी प्लायचा: सहा फूट लांब, मध्ये आधार नाही. आईच्या पितळी भांड्यांचा डबा ठेवला आणि आठवड्यात फळीचा झोपाळा झाला.

मग १८ मिमी प्लाय आणला, मधोमध पाय दिला, पुढच्या कडेखाली दोन बाय एक इंचाची सागाची पट्टी उभी ठोकली. आडवी नाही. तीच पट्टी आडवीऐवजी उभी लावली की ताठपणा चौपट होतो. खालची फळी जमिनीपासून नऊ इंच वर. वरून मांडणी भिंतीला जखडली. गिलाव्याच्या आत विटेपर्यंत ड्रिल गेलं पाहिजे, नाहीतर स्क्रू धरणारी प्लास्टिकची गिट्टी स्क्रूसकट हातात येते. माझी एकदा आली.

पितळी भांडी आता सर्वांत खाली.