शाळेच्या फाउंडेशनमध्ये अर्ज वाचायला बसताना

कॅलिफोर्नियात आल्यावर मुलीची शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या दप्तरातून एक पत्रक घरी आलं. 'प्रत्येक मुलामागे शक्य तेवढी देणगी द्या', असं स्थानिक एज्युकेशन फाउंडेशनचं आवाहन होतं. सरकारी शाळा, फी नाही, मग हे पैसे कसले? विचारायचा संकोच वाटला. महिनाभर ते पत्रक फ्रिजवर तसंच चिकटलेलं होतं. पुढे त्याच फाउंडेशनच्या ग्रँट समितीवर, म्हणजे शिक्षकांना वर्गासाठी पैसे मंजूर करणाऱ्या समितीवर, मी सहा वर्षं काम केलं. तेव्हा मला जे कुणी सांगायला हवं होतं, ते इथं लिहिते आहे.

आधी पैशाचं गणित. अमेरिकेत सरकारी शाळा स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या शाळांचं स्थानिक मंडळ, चालवतं. त्याला पैसा राज्याकडून, स्थानिक करांतून आणि केंद्राकडून येतो. केंद्राचा वाटा यात सगळ्यात लहान. स्थानिक पैसा मुख्यतः घर-जमिनीवरच्या करातून येतो, म्हणजे जिथे घरं महाग तिथे शाळा श्रीमंत. ही विषमता घटनेत बसत नाही, असं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये सेरानो खटल्यात म्हटलं. मग १९७८ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन १३ हा घर-जमिनीवरच्या कराला मर्यादा घालणारा प्रस्ताव थेट मतदानानं मंजूर केला. त्यानं घराच्या नोंदलेल्या किमतीच्या १ टक्क्यावर कर बांधला गेला आणि घर विकलं जाईपर्यंत ती किंमत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येईना. शाळांचं स्थानिक उत्पन्न आटलं, तिजोरीच्या किल्ल्या राज्याकडे गेल्या. अशा वेळी कात्री आधी लागते ती संगीत, चित्रकला, ग्रंथपाल आणि शाळेतल्या नर्सला. ती भोकं बुजवायला पालकांनी ठिकठिकाणी फाउंडेशनं काढली. अशी फाउंडेशनं आज देशभर आहेत.

पीटीए (पालक-शिक्षक संघ) आणि फाउंडेशन यांत नवे लोक नेहमी गोंधळतात. पीटीए एका शाळेची, सभासदांची. फाउंडेशन बहुतेक वेळा सगळ्या डिस्ट्रिक्टसाठी असतं. ती स्वतंत्र ना-नफा संस्था असते, ५०१ (सी) (३) या करमुक्त प्रकारात नोंदलेली, तिचं संचालक मंडळ वेगळं. डिस्ट्रिक्टच्या बजेटवर तिचा हक्क नाही आणि डिस्ट्रिक्टचाही तिच्या खात्यावर नाही.

आता ग्रँट. आमच्याकडे शिक्षकांसाठी वर्षातून एकदा, शाळा सुरू झाल्यावर, अर्ज निघत. एका वर्गासाठी जास्तीत जास्त १,५०० डॉलर. दोन पानांचा अर्ज, मुख्याध्यापकांची सही, आणि शिक्षकाचं नाव झाकून आम्ही पाच जणांनी गुण द्यायचे. नियम साधे होते. जे पुरवणं डिस्ट्रिक्टचंच काम आहे त्याला पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा आपण कागद-पेन्सिली पुरवायला लागलो की बजेटमधली ती ओळ पुढल्या वर्षी गायब होते. टॅब्लेट किंवा सॉफ्टवेअर मागितलं असेल तर डिस्ट्रिक्टच्या आयटी विभागाची परवानगी आहे का, आणि दुसऱ्या वर्षीची वर्गणी कोण भरणार, हे विचारायचं. या दुसऱ्या प्रश्नापाशी निम्मे अर्ज अडखळायचे.

पहिल्या वर्षी माझ्यापुढे दोन अर्ज लागोपाठ आले. एक रोबोटिक्सचा: उद्दिष्टं, वेळापत्रक, मोजमाप, सगळं जागच्या जागी. दुसरा जेमतेम चार ओळींचा. देशात नव्यानं आलेल्या मुलांचा वर्ग, वेगवेगळ्या घरभाषा, आणि त्या भाषांतली चित्रांची पुस्तकं हवीत, एवढंच. मी पहिल्याला भरभरून गुण दिले आणि दुसऱ्याला 'तपशील अपुरा' असा शेरा मारला. स्वतः दुसऱ्या देशातून आलेली असून मारला. समितीतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं बैठकीत विचारलं, "हा अर्ज लिहिणाऱ्याच्या हाताखाली मदतनीस आहे का? अर्ज लिहायला वेळ कधी मिळाला असेल?" आम्ही तिथूनच फोन लावला. शाळा सुटल्यावर त्या शिक्षिका रोज बसस्टॉपवर थांबत, कारण मुलांना बसचे नंबर वाचता येत नव्हते. त्यांना पुस्तकं मिळाली. पण मला कळलं की आपण गरजेला नव्हे, अर्ज लिहिण्याच्या कौशल्याला गुण देत होतो. ज्या शाळेत माणसं पुरेशी आहेत तिथूनच चांगले अर्ज येतात. तेव्हापासून दहा ओळींहून छोटा अर्ज आला की गुण द्यायच्या आधी फोन करायचा, असं आम्ही ठरवलं.

हाच पेच फाउंडेशनांच्या मुळाशी आहे. श्रीमंत वस्तीतलं फाउंडेशन एका संध्याकाळच्या लिलावात जेवढं जमवतं, तेवढं शेजारचं वर्षभरात जमवू शकत नाही. म्हणजे १९७१ मध्ये न्यायालयानं जी विषमता नाकारली ती देणगीच्या वाटेनं परत येते. हे मान्य करून काही ठिकाणी नियम बदलले गेले. कॅलिफोर्नियातल्याच सांता मोनिका–मालिबू डिस्ट्रिक्टच्या बोर्डानं २०११ मध्ये ठरवलं की अशा देणग्या एकेका शाळेनं नव्हे, सगळ्या डिस्ट्रिक्टसाठी मिळून जमवायच्या. श्रीमंत मालिबूतल्या पालकांचा त्याला विरोध होता. ओरेगनच्या पोर्टलंडमध्ये शाळेच्या फाउंडेशननं जमवलेल्या पहिल्या १०,००० डॉलरनंतरच्या रकमेतला एक तृतीयांश वाटा इतर शाळांसाठी जाई, असा नियम बरीच वर्षं होता. माझं मत सांता मोनिकाच्या बाजूचं आहे. आपल्या मुलाच्या वर्गाला आपण देतो ते प्रेमानं, पण सरकारी शाळा आपल्या मुलापुरती नसते.

स्कॉलरशिपचं काम वेगळं आणि जास्त नाजूक. बारावीची मुलं वसंतात अर्ज करतात, निबंध लिहितात. एका वर्षी आम्ही एका मुलीला २,००० डॉलर दिले. ऑगस्टमध्ये तिच्या आईचा फोन आला: कॉलेजनं आपल्या मदतीतून तेवढीच रक्कम कापली होती. आमचे पैसे मुलीला नव्हे, कॉलेजला मिळाल्यासारखे झाले. या प्रकाराला तिकडे स्कॉलरशिप डिस्प्लेसमेंट म्हणतात. त्यावर सरकारी कॉलेजांपुरती बंदी घालणारं पहिलं राज्य मेरीलँड, २०१७ मध्ये. नंतर कॅलिफोर्नियातही गरजू विद्यार्थ्यांसाठी तसा कायदा झाला. तुमच्या मुलावर अशी वेळ आली तर कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला लेखी विनंती करा की कापायचंच असेल तर आधी कर्ज किंवा वर्क-स्टडीची (शिकता शिकता काम करून मिळणारी) रक्कम कापावी, अनुदान नको. अनेक कॉलेजं हे ऐकतात. फाउंडेशनमध्ये असाल तर रक्कम एकदम न देता दोन वर्षांत वाटून देता येईल का, ते पाहा.

आपल्याकडच्या कुटुंबांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. एच-४ व्हिसावरच्या (एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबीयांना मिळतो तो) मुलांना केंद्र सरकारची मदत मिळत नाही, म्हणून पुष्कळ जण स्कॉलरशिपचा विचारच सोडून देतात. पण स्थानिक फाउंडेशनच्या अनेक स्कॉलरशिपना नागरिकत्वाची अट नसते. अट काय आहे ते प्रत्यक्ष वाचा, शाळेच्या समुपदेशकांना विचारा. 'आपल्याला चालत नसेल' असं गृहीत धरून गप्प बसलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

देणगी द्यायची असेल तर थोडे व्यवहार लक्षात असू द्या. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीवर करसवलत घ्यायची तर संस्थेची लेखी पोच लागते. एखाद्या ठरावीक मुलाच्या नावानं दिलेले पैसे देणगी म्हणून धरले जात नाहीत. तुमची कंपनी देणगीइतकीच रक्कम स्वतः घालते का, हे विचारा. काही कंपन्या स्वयंसेवेच्या तासांबद्दलही संस्थेला पैसे देतात. आणि फाउंडेशनचा फॉर्म ९९०, म्हणजे ना-नफा संस्थेनं कर खात्याला दिलेलं वार्षिक विवरण, मागून वाचा, तो सगळ्यांना खुला असतो. पगार किती, कार्यक्रमांवर किती, शाळांपर्यंत किती पोचलं, सगळं त्यात दिसतं. वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत जमा असलेल्या छोट्या संस्था फक्त एक संक्षिप्त ई-फॉर्म भरतात, त्यांच्याकडे हिशेब थेट मागावा.

काम करायचं असेल तर देणगीच्या जेवणाच्या तयारीत नव्हे, अर्ज वाचणाऱ्या समितीत जागा मागा. बहुतेक ठिकाणी वाचणारे कमी पडतात आणि ऑगस्टमध्ये एक ईमेल पुरतो. व्हिसामुळे नोकरी करता येत नसलेल्यांना ना-नफा संस्थेत विनामोबदला स्वयंसेवा करता येते, मात्र जे काम तिथे एरवी पगारी असतं ते घेऊ नका. पुढे कामाचा परवाना मिळाला तर हाच अनुभव ग्रँट व्यवस्थापनाच्या नोकरीत उपयोगी पडतो; माझ्याबरोबरच्या दोघीजणी त्याच वाटेनं गेल्या. इंग्रजी सफाईदार नाही म्हणून मागे राहू नका. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाचा वर्ग कसा असतो, हे टेबलाभोवतीच्या कुणाला तरी माहीत असावं लागतं.

समिती सोडण्याआधी मी अर्जात एक प्रश्न घालून घेतला: 'तुमच्या वर्गातल्या कोणत्या मुलांपर्यंत हे पोचणार नाही?' शेवटच्या वर्षी सगळ्यात आधी मी त्याचीच उत्तरं वाचत असे.