मिनरल क्लब घेऊन लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमला जाताय? या चुका टाळा

सगळ्यात कॉमन घोळ दारातच होतो. साऊथ केन्सिंग्टनला उतरलं की निम्मी मंडळी एक्झिबिशन रोडच्या दाराने आत शिरतात, पृथ्वीच्या गोळ्यातून जाणाऱ्या सरकत्या जिन्याचे व्हिडिओ काढतात, रेड झोनमध्ये (म्युझियमचे भाग रंगांनी ओळखतात) रत्नं आणि खनिजं मांडलेली दिसतात आणि झालं, खूश, बघून झालं म्हणे. अहो ते नव्हे! खरी मिनरल्स गॅलरी ग्रीन झोनला पहिल्या मजल्यावर आहे, क्रॉमवेल रोडच्या बाजूला जिथे निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय तो हिंट्झ हॉल, तिथून जिना चढून जायचं. त्यामुळे व्हॉट्सॲपवर "म्युझियममध्ये भेटू" टाकू नका, "देवमाशाखाली भेटू" टाका. आणि शाळांच्या सुट्ट्यांत तर जाऊच नका, प्रवेश फुकट आहे आणि डायनासोर बघायला अख्खं लंडन लोटतं.

आता गॅलरी. म्युझियमची ही इमारत 1881 ला उघडली आणि ही गॅलरी अजून त्याच काळातली वाटते, ओकची काचेची कपाटं ओळीने लावलेली, स्क्रीन नाही, बटणं नाहीत. आपले लोक आत आले की पहिला प्रश्न, "इंडियाचं सेक्शन कुठाय?" नाहीये तसं सेक्शन. इथे मांडणी देशाप्रमाणे नाही, रंगाप्रमाणे तर अजिबात नाही, केमिस्ट्रीप्रमाणे आहे. मूलद्रव्यं वेगळी, सल्फाइड वेगळे, ऑक्साइड, कार्बोनेट, सिलिकेट वेगळे. म्हणजे गॅलेना बघायचंय तर ते शिशाचं सल्फाइड हे घरून माहीत करून निघा, नाहीतर तासभर कपाटांमधून नुसत्या येरझाऱ्या. प्रत्येकाने पाच-सहा खनिजांची नावं आणि शेजारी त्यांचा ग्रुप एवढं कागदावर लिहून आणलं तरी पुरतं, पण तेवढंही कोणी करत नाही आणि मग "काही खास नव्हतं" असे मेसेज येतात.

महाराष्ट्रातल्या माणसाने थेट सिलिकेटची कपाटं गाठावीत असं माझं मत. बोरघाटातून रेल्वे काढली (1863 ला सुरू झाली ती), तेव्हा बेसाल्ट फोडताना त्याच्या पोकळ्यांमधून झिओलाइटचे (पाणी धरून ठेवणाऱ्या सिलिकेट खनिजांचे) स्फटिक निघाले आणि तेव्हापासून आपल्याकडचा माल जगभरच्या म्युझियममध्ये जातोय. पण इथे दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. एक म्हणजे अपोफिलाइट हे खनिज, सापडतं स्टिल्बाइट नावाच्या झिओलाइटच्या मांडीला मांडी लावून, पण ते झिओलाइट नाही, त्यामुळे झिओलाइटच्या रांगेत दिसलं नाही म्हणून चिडू नका. पुण्याजवळच्या वाघोलीच्या निळ्याजर्द कॅव्हन्साइटचंही तेच, तेही झिओलाइट नव्हे, कॅल्शियम-व्हॅनेडियमचं सिलिकेट आहे आणि पहिल्यांदा सापडलं ते अमेरिकेत ओरेगॉनला, वाघोलीला नाही, हे क्लबमधल्या पुणेकरांना जरा हळुवार सांगा. दुसरं म्हणजे जुनी लेबलं. "पूना" किंवा "बॉम्बे" लिहिलंय म्हणजे दगड त्याच शहरात निघाला असं धरून चालू नका, कधीकधी ते नुसतं जवळचं मोठं गाव असतं किंवा माल जिथून पाठवला ते ठिकाण.

फोटो काचेत स्वतःचंच थोबाड येऊन वाया जातात. फ्लॅश बंद ठेवा, तो काचेवर पांढरा डाग पाडतो बस. त्यापेक्षा काळं जॅकेट घातलेल्या कोणालातरी तुमच्या मागे उभं करा, खिडकीचा उजेड अडतो आणि स्फटिकाच्या कडा एकदम दिसायला लागतात, फोनही काचेच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या, पण थोडा तिरका. आणि हो, आधी लेबलचा फोटो, मग नमुन्याचा. उलटं केलंत की घरी गेल्यावर चाळीस पांढरे स्फटिक आणि त्यातलं कुठलं झिओलाइट स्कोलेसाइट कुठलं नॅट्रोलाइट, बसा ओळखत.

"रिअल्गार का नाही ठेवलं, प्रूस्टाइट का दिसत नाही" यावर स्टाफशी हुज्जत घालू नये. लाल रिअल्गार उजेडात पिवळं पडून भुकटी होतं, प्रूस्टाइट काळवंडतं, अशा गोष्टी अंधारातच ठेवतात.

गॅलरीच्या टोकाला व्हॉल्ट म्हणजे मौल्यवान नमुन्यांचं दालन आहे, तिथे सगळे हिऱ्यांना चिकटतात. ऑरोरा पिरॅमिड ऑफ होप, 296 रंगीत हिरे, अल्ट्राव्हायोलेटखाली चमकतात वगैरे, मान्य. पण तिथलाच तो "दिल्ली पर्पल सॅफायर" चुकवू नका, जो ना दिल्लीचा ना सॅफायर, साधा ॲमेथिस्ट, म्हणजे जांभळा क्वार्ट्झ आहे. 1857 च्या धामधुमीत कानपूरच्या इंद्राच्या देवळातून लुटला आणि शापित आहे अशी गोष्ट त्याचे एकेकाळचे मालक एडवर्ड हेरॉन-ॲलन यांच्या चिठ्ठीत आहे, पण ती त्यांनीच रचली असावी असं मानतात. तेव्हा क्लबच्या रिपोर्टमध्ये ती इतिहास म्हणून छापू नका.

स्वतःचे नमुने ओळखून घ्यायला पिशवी भरून नेणारे वेगळेच. बॅग तपासतात, त्यात हातोडा, छिन्नी, आम्लाची बाटली निघाली तर दारातच प्रश्नोत्तरं सुरू. ओकेनाइट तर नेऊच नका, त्या खनिजाचे कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे गोळे एकदा दबले की परत फुलत नाहीत, आणि धूळ बसली म्हणून कोणी नळाखाली धरलं तर संपलंच. कोणाला काही ओळखायचं असेल तर फोटो, वजन आणि कुठे सापडला हे आधी ईमेल करा. किंमत मात्र विचारू नका, ते म्युझियमचं काम नव्हे.

गॅलरीत न मांडलेला आतला साठा बघायचा असेल तर काही महिने आधी लिहावं लागतं, आणि "सगळं दाखवा" असं लिहिलंत तर उत्तराची आशा सोडा. "दख्खनच्या बेसाल्टमधले झिओलाइट, पाच-सहा जण, तासभर" असं नेमकं लिहा. एवढं करून होकार आला तर त्या पाच-सहा जणांत कोण हे मेल पाठवायच्या आधीच ठरवा, कारण नंतर ठरवायला बसलात की क्लबात भांडणं ठरलेली.