गर्भपिशवीचा कॅन्सर निघालाय, मग आतड्याची दुर्बीण करायची का?

धुळ्यात स्त्रीरोग वॉर्डाची सिस्टर म्हणून नोकरी केली. शिरपूर-साक्रीकडच्या बाया अजूनही फाईल घेऊन घरी येतात आणि हेच विचारतात.

गर्भपिशवी आणि आतडं शेजारी असले, तरी पिशवीचा कॅन्सर आतड्याच्या आतल्या अस्तरात उतरला तर तो चौथा, म्हणजे फार पुढे गेलेला टप्पा धरतात. पाळी गेल्यावर अंगावरून जायला लागलं म्हणून लगेच आलेल्या बाईचा आजार बहुधा पिशवीतच असतो. तिला सरसकट बेरियम (आतड्यात औषध सोडून काढलेला एक्स-रे) किंवा कोलोनोस्कोपी (आतड्याची दुर्बीण) करून उपचार सहसा बदलत नाहीत. पिशवीतून तपासायला काढलेल्या तुकड्याचा (बायोप्सीचा) रिपोर्ट आणि एमआरआय किंवा सीटी यांवर बहुतेक निर्णय होतात.

मात्र संडासातून रक्त जातंय, पोट साफ होण्याची सवय बदललीय, किंवा एमआरआयमध्ये गाठ आतड्याला चिकटल्यासारखी दिसतेय, तर दुर्बीण टाळू नका. रक्त पुढून जातंय की मागून, ते नीट बघा. आपल्याकडे 'तिखट खाल्लं, मूळव्याध असेल' म्हणून सोडून देतात. संडासला बसताना पुढच्या जागेवर स्वच्छ कापडाची घडी धरा, नंतर मागची जागा वेगळ्या पांढऱ्या कापसाने टिपा. कापसावर लाल दिसलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. लाजू नका गं बायांनो, ही माहिती फाईलमध्ये कुठेच नसते.

दुर्बीण लिहून दिलीच, तर विचारा: 'यात काही निघालं तर ऑपरेशनमध्ये काय बदलेल?' डॉक्टर कारण सांगतील. मनानेच तपासणी रद्द करू नका. आदल्या दिवशी शेवभाजी, भरीत, दादर ज्वारीची भाकरी बंद. गाळलेली पेज, शहाळ्याचं पाणी चालतं का ते विचारून घ्या. जुलाबाच्या औषधाने फार गळाल्यासारखं होतं, म्हणून साखरेच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं आधीच विचारा, सोबतीला माणूस ठेवा.

घराण्याची चौकशी मात्र प्रत्येकीने करावी. आई, मावशी, मामा, भाऊ यांपैकी कोणाला पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा पिशवीचा कॅन्सर झाला असेल, तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या, घराण्यात उतरणाऱ्या दोषाची शंका येते. तुकड्यावरच एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ या प्रथिनांची तपासणी करता येते. लिंच निघालं तर कोलोनोस्कोपी आतड्यासाठी म्हणूनच लागते, तीही ठराविक काळाने पुन्हा पुन्हा. तो रिपोर्ट घरी कपाटात ठेवू नका. माहेरच्या भावा-बहिणींना दाखवा, तुमच्या मुला-मुलींनाही.