रेड वाइन आणि चॉकलेट: ॲनिव्हर्सरीला या चुका टाळा

आमच्या पहिल्या ॲनिव्हर्सरीला सासूबाई देवासला भावाकडे गेलेल्या, घर रिकामं, म्हणून नवऱ्याने दुकानातली त्यातल्या त्यात महागाची ड्राय रेड आणली, मी 85 टक्केवालं डार्क चॉकलेट आणलं, मेणबत्ती वगैरे लावली. एक तुकडा, एक घोट, आणि दोघांची तोंडं कच्ची जांभळं खाल्ल्यासारखी. तो म्हणाला "छान आहे", मी म्हणाले "हो ना", आणि उरलेलं चॉकलेट चार महिन्यांनी केकमध्ये गेलं.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, आणि निम्मं इंदूर व्हॅलेंटाइनला हीच करत असणार. ड्राय म्हणजे जिच्यात साखर जवळपास उरलेलीच नाही अशी वाइन. आता गुलाबजाम खाऊन वर चहा पिऊन बघा, एरवी गोड लागणारा चहा एकदम फिका लागतो ना? तसंच चॉकलेटच्या गोडाने ड्राय वाइनमधला फळाचा स्वाद पळतो आणि आंबट-कडू तेवढं मागे राहतं. त्यात रेड वाइनमध्ये टॅनिन असतं, द्राक्षाच्या साली-बियांतून येणारं, आणि ते आपल्या लाळेतल्या प्रोटीनला चिकटतं म्हणून जीभ कोरडी पडते, सुपारीने पडते तशी. डार्क चॉकलेटमध्येही तसलाच तुरटपणा, मग तुरटावर तुरट. म्हणून वाइन चॉकलेटपेक्षा जास्त गोड हवी, बाकीचं विसरलात तरी एवढं धरून ठेवा.

गोड रेड म्हणजे पोर्ट. पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातल्या खऱ्या पोर्टमध्ये रस आंबत असताना मधेच द्राक्षाचं स्पिरिट घालतात, त्याने यीस्ट मरतं आणि साखर तशीच राहते, म्हणून ती गोडही आणि कडकही, साधारण 19-20 टक्के. त्यामुळे छोटा ग्लास. गोव्याची पोर्ट म्हणून आपल्याकडे जी स्वस्तात मिळते ती ही नव्हे, पण गोड असते आणि खरं सांगू, डार्क चॉकलेटबरोबर महागड्या ड्राय रेडपेक्षा बरी लागते, वाइनवाले लोक नाकं मुरडतील तर मुरडू देत.

ड्राय बाटली आधीच आणून बसलात? मग चॉकलेट बदला. मिल्क चॉकलेट घ्या, गोडाची अडचण राहतेच, पण चहात दूध घातल्यावर तुरटपणा कमी होतो तेच इथेही होतं. नाहीतर मधे खारे भाजलेले बदाम ठेवा, मिठाने कडूपणा दबतो. आणि तेही नको तर सरळ वाइन जेवणाबरोबर पनीर-चीजशी संपवा, चॉकलेट नंतर कॉफीबरोबर, कुणी दंड लावत नाही.

दुसरी चूक खास आपली इंदूरची. आधी सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात जायचं, जीरावन मसाला मारलेलं गराडू (तळलेला कंद), मग शिकंजी, आणि रात्री साडेअकराला घरी येऊन वाइन उघडायची. तिखटाने जीभ पेटलेली असताना अल्कोहोलने ती आणखी पेटते, आणि शिकंजीच्या गोडाने वाइन आंबट लागते, म्हणजे दोन्हीकडून मार. सराफा दुसऱ्या दिवशी ठेवा हो, तो कुठे पळून जातोय.

फ्रिजचं प्रकरण तर विचारूच नका. चॉकलेट उघडं ठेवलं की शेजारच्या लसणाच्या चटणीचा वास धरतं, आणि बाहेर काढल्यावर दव धरून वर पांढुरका थर येतो, खराब झालेलं नसतं पण दिसतं तसंच. हवाबंद डब्यात ठेवा आणि डबा न उघडता अर्धा तास बाहेर काढून ठेवा, कारण कोको बटर साधारण 34 डिग्रीला वितळतं, थंडगार तुकडा तोंडात नुसता मेणासारखा फिरतो. वाइनचं उलट. "रेड रूम टेंपरेचरला प्यावी" हे युरोपातल्या थंड खोल्यांसाठी, आपल्या मे महिन्यातल्या चाळीसच्या वरच्या इंदुरात ती काढ्यासारखी लागेल. फ्रिजमध्ये ठेवून 16-18 डिग्रीला आणून प्या, पण बर्फासारखी करू नका, गारठलेली रेड आणखी तुरट लागते.

चॉकलेट घेताना मागचं लेबल वाचा. कोको बटरऐवजी वनस्पती तेल असेल तर ते कंपाउंड, मग वाइन कुठलीही आणा, टाळूला तुपकट थर बसतो.

खाताना घाई नको. आधी वाइनचा घोट, मग तुकडा जिभेवर वितळू द्या, चावू नका, मग परत घोट. दोन-तीन चॉकलेटं असतील तर फिक्याकडून गडदकडे.

कॉर्क तुटून आत पडला तर चहाच्या गाळणीतून गाळा, रोमान्स तेवढ्याने जात नाही.

आणि हो, ॲनिव्हर्सरीला महेश्वरला जाणार असाल तर वाइन तिथे मिळेल या भरवशावर राहू नका, 1 एप्रिल 2025 पासून महेश्वर, उज्जैन अशा तीर्थाच्या गावांतली दारूची दुकानं बंद आहेत. बडोद्याला नणंदेकडे तर बाटली नेऊच नका, गुजरातेत दारूबंदी आहे. आपल्या एमपीत दारू घ्यायला वय 21 लागतं.

उरलेली ड्राय रेड झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, तीन-चार दिवस चालते, नंतर व्हिनेगरकडे झुकते. फक्त सासूबाईंनी विचारलं तर कोकम सरबत आहे म्हणू नका, आमच्या सासूबाईंनी उन्हातून आल्या आल्या ग्लास पुढे केला होता.